इंगल पुलाचं गाणं

व्हर्नेलने मांगूर मासा फळीवर दाबला आणि त्याच्या डोक्यातून आरपार खिळा ठोकला. हातोड्याचे दोन घाव, जास्त नाहीत. मग मानेभोवती सुरी फिरवली, कातडीची कड पकडीत धरली आणि पाय रोवून खाली ओढली. ओला मोजा पायातून निघावा तशी कातडी निघाली. मासा अजून तोंड उघडत-मिटत होता. तिने तो पातेल्यात टाकला आणि बादलीतून दुसरा उचलला.

तिच्याकडे पाठ करून हर्शेल बटाटे सोलत होता. सोळा वर्षांच्या संसारात या माणसाने रक्ताकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं. कोंबडीची मान व्हर्नेल मुरगळायची. डुक्कर कापायचं असलं की हर्शेल सकाळीच उठून शाळेची बस धुवायला निघून जायचा. बस चालवायचं कामही त्याने असंच निवडलेलं, निरुपद्रवी. गाव त्याला बाईमाणूस म्हणायचं. तो नुसता हसायचा, आणि हसला की त्याचा जबडा डावीकडे सरकायचा.

"अजून किती सोलू?" त्याने मान न वळवता विचारलं.

"माणसं मोज आणि सोल. मला काय विचारतोस?"

माणसं मोजण्यापलीकडे होती. ओढ्याकाठच्या मैदानात लाकडी मंच, मंचासमोर फळ्यांची जमीन, आणि त्या फळ्यांवर तीन तालुक्यांतली माणसं खेटून उभी. मंचावर नववा बँड चढत होता. आधीच्या आठांनी एकच गाणं म्हटलं होतं आणि हाही तेच म्हणणार होता. पुलाचा दिवस म्हणतात तो हाच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गाणं, ज्याचं त्याने आपापल्या तऱ्हेने म्हणायचं, आणि ज्याचं जास्त आवडेल त्याला चांदीची पट्टी बसवलेली गिटार.

गाणं होतं खुनाचं. सतरा वर्षांपूर्वी बर्ल नेपियरने आपल्या बायकोच्या मागे लागलेल्या लॉन्झो स्टिडमला समोरच्याच इंगल पुलावर गोळ्या घातल्या. लॉन्झो म्हणजे व्हर्नेलचा थोरला भाऊ. नॅशव्हिलच्या कुणा गीतकाराने ती बातमी पेपरात वाचली, जेब ट्रॅविकने गाणं म्हटलं, आणि ते सहा आठवडे देशात पहिल्या नंबरावर वाजत राहिलं. मग ज्याच्या गळ्यात आवाज होता त्या प्रत्येकाने ते म्हणून घेतलं. एका बाईने रडत म्हटलं. कुणी नाचाच्या ठेक्यावर बसवलं. विलायतेतल्या झिपऱ्या पोरांनी किंचाळून म्हटलं, एका जपान्याने जपानीत म्हटलं. दाताच्या डॉक्टरकडे बसावं तर भिंतीतल्या कर्ण्यातून नुसत्या व्हायोलिनवर भावाचा खून ऐकू यायचा.

गावाने सुरुवातीला थोडी शरम बाळगली. मग बाहेरचे लोक मोटारी घेऊन पूल बघायला येऊ लागले आणि शरम गेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात ते असं. आणि मासे तळायला कोण, तर मढ्याचीच बहीण. देवळाच्या छपरासाठी म्हणून ती दरवर्षी ही टपरी लावायची. लोक आडून म्हणायचे, बाईचं काळीज दगडाचं आहे. तिचं घर ओढ्यापलीकडच्या उतारावर होतं, तिथे सगळं ऐकू येतच असे. इथे निदान हातात हातोडा असायचा.

मंचावरचा गायक त्या ओळीपाशी आला. *दोनदा बोलली बंदूक, अन् ओढा मुका झाला.* ढोलवाल्याने दोन ठोके दिले, पुलावर उभ्या पोलीस डेप्युटी वेंडलने पिस्तुलातून दोन फुसके बार काढले, आणि हजार बुटांनी फळ्यांवर दोनदा पाय आपटले. धाड, धाड. हे दरवर्षीचंच. तान्ह्या पोरांचे पायसुद्धा आया आपटून घेत.

व्हर्नेल मनात मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. पाचाला ढोल घुमला आणि ध्रुवपद सुरू झालं. नेहमीसारखंच. तिने माशाच्या डोक्यावर खिळा टेकवला.

मारामारी झाली ती दहाव्या आणि अकराव्या बँडमध्ये. तालुक्यात दारूबंदी, म्हणून सगळे जामच्या बरण्यांतून घरची दारू पीत होते. दहाव्यातला बँजोवाला म्हणाला की अकराव्यांनी आमची चाल चोरली. अकराव्यातला म्हणाला, चाल तुझ्या बापाची आहे का? पहिल्याने बँजो त्याच्या तोंडावर उलटा मारला. मग कोण कोणाला मारतंय ते कुणाला कळेना. एकाचे दात फळ्यांवर पडले. एकाला दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने त्याच्या पोटात गुडघे घातले, तो ओकेपर्यंत. अकराव्यांच्या ढोलवाल्याचा हात फुटक्या बरणीवर पडला आणि तळवा करंगळीपासून मनगटापर्यंत उघडला. बायका पोरांना उचलून मागे सरल्या, पण कुणी मैदान सोडून गेलं नाही. खुनाच्या गाण्याला आलेली माणसं, त्यांना रक्ताचा काय विटाळ?

वेंडलने पुलावरून येऊन चौघांना गाडीच्या बॉनेटवर आडवं घातलं, तेव्हा कुठे थांबलं.

मग लोखंडसामानाच्या दुकानाचा मालक कॉय ब्रॅशर, जो हा सगळा कारभार चालवायचा, तो घामाघूम होऊन टपरीपाशी आला.

"हर्शेल, बाबा, आता तूच वाचव. अकराव्यांना ढोलवाला नाही. लिस्टातून एक कमी झाला तर बक्षीस देणारा दुकानदार माझं डोकं खाईल."

हर्शेलच्या हातातली सुरी थांबली. "मी सोडलंय ते."

"पोहणं सोडलं म्हणून माणूस बुडतो का रे? या खोऱ्यात तुझ्यासारखा हात नव्हता कुणाचा."

"दुसरं कुठलं गाणं असतं तर पाहिलं असतं," हर्शेल म्हणाला. "हे नको."

कॉयने व्हर्नेलकडे पाहिलं आणि कसंनुसं तोंड केलं. गाणं तिच्या भावाचं, तेव्हा तिच्या मानासाठीच तो नाही म्हणतो आहे, असं त्याला वाटलं. तिलाही तसंच वाटलं. आणि या माणसाची तिला एकदम माया आली. सोळा वर्षं तो हे गाणं लागलं की रेडिओ बंद करायचा. तिने कधी सांगितलं नव्हतं.

"जा की," ती म्हणाली. "तीन मिनिटांचं काम. हात गंजलेत का ते तरी बघू दे गावाला."

"व्हर्नेल, नको."

"मी इथे उभी राहून दरवर्षी ऐकतेय. तुला बसून वाजवायला काय झालं? जा म्हणते ना."

तो उठला. हात पुसले, परत पुसले, आणि कॉयच्या मागून गेला. जाताना त्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती.

व्हर्नेलने फळीवर मासा घेतला आणि तसाच धरून उभी राहिली. हर्शेलला ढोलावर बसलेलं तिने शेवटचं पाहिलं ते लग्नाआधी. शनिवारी नाच असायचा. तो ढोल वाजवायचा आणि नंतर तिला घरापर्यंत सोडायला यायचा, हातभर अंतर ठेवून. लॉन्झोला ते खपलं नाही. भाऊ म्हणून त्याच्यावर जीव होता तिचा, पण माणूस म्हणून तो सापाच्या जातीचा. त्याने देवळाच्या अंगणात, रविवारी, सगळ्यांदेखत हर्शेलचा जबडा पान्याने मोडला. "आता वाजव ढोल," म्हणाला, आणि पोट धरून हसला. हर्शेल दीड महिना तारेने दात बांधून नळीतून दूध प्यायचा. त्याच्या उशाशी बसून व्हर्नेल रागाच्या भरात बोलून गेली होती, "कुणीतरी संपवला पाहिजे याला."

त्यानंतर तीन आठवड्यांत लॉन्झो पुलावर पडला.

त्या संध्याकाळी ती झऱ्याचं पाणी घेऊन घराच्या मागच्या जिन्याने उतरत होती. घर उतारावर, जिना चौदा पायऱ्यांचा, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. वरच्या पायरीवर असताना दोन गोळ्या ऐकल्या, लागोपाठ. घाबरून पळाली नाही, पाणी सांडलं असतं म्हणून एकेक पायरी उतरत राहिली. पाय जमिनीला लागला आणि तिसरी ऐकली.

दुसऱ्या दिवशी तिने भावाचे केस स्वतः धुतले. दोन गोळ्या मांड्यांत होत्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. तिसरीचं भोक उजव्या कानामागे, केसांत होतं. मढं तपासणारा करोनर म्हणून निवडून आलेला माणूस एरवी फर्निचर आणि शवपेट्या विकायचा, त्याने केस उचलूनही पाहिले नव्हते. तिने शेरीफला सांगितलं. शेरीफ म्हणाला, "पोरी, बर्लने कबुली दिलीय. दोन काय नि तीन काय, मेला तो मेला." आईने तिच्याकडून बायबलवर हात ठेवून वचन घेतलं की हे पुन्हा कुठे बोलायचं नाही, नाहीतर खटला लांबेल. बर्ल कोर्टात रडून सांगत होता की मी त्याच्या मांड्यांत दोन गोळ्या घातल्या, पिस्तूल तिथेच फळ्यांवर टाकलं आणि पळालो, तो मागून मला शिव्या देत होता. कुणी ऐकलं नाही. पिस्तूल ओढ्यात सापडलं होतं. बर्लला तुरुंगात तिसऱ्या वर्षी कुणीतरी भोसकलं. शेरीफ गेला, आई गेली. गाण्यात दोन गोळ्या होत्या, आणि जग गाण्यावर विश्वास ठेवतं. तिसरी फक्त व्हर्नेलजवळ उरली. आणि चौदा पायऱ्यांचं तर तिने शेरीफलाही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंच कुठे?

पण ती मोजायची. प्रत्येक वेळी, प्रत्येकाच्या गाण्यात. जपान्याच्यासुद्धा. ध्रुवपद नेहमी पाचाला यायचं, आणि बर्ल नसेल तर कोण, हा प्रश्न तिथेच तुटायचा.

अकरावा बँड सुरू झाला. गायक कोवळा होता, घाबरलेला, पण मागे हर्शेल बसल्यावर गाण्याला कणा आला. लोकांनी माना वळवल्या. मनगटं सैल, ठोका घट्ट, एकही जास्तीचा नाही. "हा आपला बसवाला का रे?" कुणीतरी म्हणालं. व्हर्नेलला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. हात गंजले नव्हते.

*दोनदा बोलली बंदूक.*

हर्शेलने दोन ठोके दिले. पुलावर दोन बार झाले, हजार पाय दोनदा आपटले.

एक, दोन, तीन, चार. पाच.

ढोल घुमला नाही. या गाण्यात ध्रुवपदाचं दार ढोलवाला उघडतो. तो वाजवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. गायकाने तोंड उघडून मिटलं आणि मागे पाहिलं. हर्शेल काठी उचलून बसला होता आणि समोर पुलाकडे बघत होता. सात. आठ. गर्दीतलं हसू आधी वाढलं, मग विरलं. दहा. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. तेरा.

चौदाला काठी खाली आली. एकच ठोका, कोरडा.

मग तो दचकल्यासारखा हलला, ढोल घुमवला, आणि बँड ध्रुवपदात कोसळला. मैदान वेडं झालं. शिट्ट्या, टोप्या, बरण्या. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. कॉय कर्ण्यावर ओरडत होता की इंगल पुलाचं गाणं आज पहिल्यांदा ऐकलं.

व्हर्नेलच्या हातातला मासा निसटून चिखलात पडला होता. तिने तो उचलला, बादलीत धुतला, पुन्हा फळीवर ठेवला.

हर्शेल टपरीत आला तेव्हा लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो कुणाकडे न बघता आपल्या स्टुलावर, तिच्याकडे पाठ करून बसला आणि बटाटा उचलला.

"हात घसरला," तो म्हणाला. "सवय नाही राहिली."

"हं."

"मध्येच विसरलो पुढे काय ते."

"होतं असं."

तिने खिळा माशाच्या डोक्यावर टेकवला. हातोड्याचा एक घाव, दुसरा घाव. खिळा आत गेला होता, काम झालं होतं. तरी तिने हातोडा पुन्हा उचलला आणि हवेत धरला. डोळे हर्शेलच्या पाठीवर. शर्ट घामाने चिकटला होता. हा शर्ट तिनेच शिवला होता. मनातल्या मनात ती तो जिना उतरू लागली. एक. दोन. तीन. देवा, ती मनात म्हणाली, हे खोटं ठरू दे, बाकी मी तुझ्याकडे काही मागणार नाही. सात. आठ. बटाट्याची साल लांब लोंबत होती आणि सुरी चालायची थांबली होती. अकरा. बारा. तेरा.

चौदा.

हातोडा हवेतच होता. हर्शेलचे खांदे मात्र गोळी कानाशी सुटावी तसे उडाले, सुरी चिखलात पडली आणि बटाटा त्याच्या हातातून गडगडत गेला.

मंचावर बारावा बँड तारा जुळवत होता.

"मी तुला चौदाचं कधी सांगितलं नाही," व्हर्नेल म्हणाली.

"नाही."

"मग?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी पुलाच्या टोकाशी होतो. तुझ्याकडेच येत होतो. बर्ल पळत माझ्या अंगावरून गेला, त्याने मला पाहिलंसुद्धा नाही. पिस्तूल फळ्यांवर पडलं होतं."

"मी म्हटलं होतं म्हणून?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुझ्या उशाशी बसून मी म्हटलं होतं, त्यामुळे?"

"नाही. ते तुझ्या अंगावर नाही घालायचं मला. मी लॉन्झोला उचलायला वाकलो होतो, व्हर्नेल. खरंच उचलणार होतो. त्याने माझ्या जबड्याकडे बघितलं आणि हसला. दोन्ही मांड्या फुटलेल्या, आणि हसला."

तिला भावाचं ते हसणं ऐकू आलं. अगदी स्पष्ट, पोट धरून. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या मनात आलं की मीही मारला असता. मग तिला ते केस आठवले, बादलीतलं लाल पाणी, आणि कोर्टात नाक पुसत रडणारा बर्ल. त्याचं खरं होतं, आणि ते त्याच्यासकट पुरलं गेलं.

तिने हातोडा खाली ठेवला आणि टपरीबाहेर डोकं काढलं. "वेंडल," तिने हाक मारली. "जरा इकडे ये."

पुलावरचा डेप्युटी पिस्तुलात नवे बार भरत होता. "मासा ठेव माझ्यासाठी काकू," तो ओरडला. "एवढं गाणं होऊ दे, येतोच."

"मासा नाही. कामाचं आहे."

"गाणं संपलं की आलो."

ती मागे वळली. हर्शेलने ऐकलं होतं. उठून पळावं असं त्याच्या अंगात काही दिसलं नाही. त्याने वाकून गडगडत गेलेला बटाटा उचलला आणि पँटवर पुसला.

"तो येईपर्यंत राहिलेले सोलून ठेवू का?" त्याने विचारलं. "नंतर तुला एकटीला पडेल."

व्हर्नेलने चिखलात पडलेली सुरी धुतली, फडक्याने पुसली आणि मुठीकडून त्याच्या हातात दिली.

"सोल," ती म्हणाली.

बारावा बँड त्या ओळीपाशी आला. दोन ठोके, दोन बार, पायांची धाड, धाड. मग ढोलवाल्याने हर्शेलचं पाहून काठी उचलून धरली आणि सगळं मैदान, पोराबाळांसकट, हसत, श्वास रोखून, तिसऱ्यासाठी पाय वर करून थांबलं. हर्शेल खाली मान घालून सोलत होता. व्हर्नेल त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि दोघं मोजू लागली.